पार्श्वभूमी : कोल्हापूरची विमानसेवा आणि ‘सेवावंचित’ हा शब्द

कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ संस्थानकाळातला, १९३९ चा. छोट्या गावांना जोडणारी ‘वायुदूत’ ही सरकारी विमानसेवा मात्र १९८१ मध्ये मुख्यतः ईशान्य भारतासाठी उभी राहिली आणि पुढे तोट्यापायी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. १९९४ मध्ये मोठ्या मार्गांवरील क्षमतेचा काही हिस्सा ईशान्य भारत, काश्मीर, अंदमान व लक्षद्वीप यांच्याकडे वळवण्याची अट विमान कंपन्यांवर आली. कोल्हापूर त्या यादीत नव्हते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवेने जोडणारी केंद्र सरकारची ‘उडान’ योजना आली आणि निकष बदलला. येथे रेल्वे आहे, महामार्ग आहे, मग दुर्गम भागासाठीचा पैसा कोल्हापूरला कशासाठी, हा आक्षेप आजही ऐकू येतो. तो शब्दांच्या गोंधळातून आला आहे. योजनेची कसोटी अंतर किंवा दुर्गमता ही नव्हती, तर नियमित विमानांची संख्या होती. एकही नियमित विमान नसलेला विमानतळ ‘सेवावंचित’ आणि आठवड्याला सातपर्यंतच विमाने असलेला ‘अल्पसेवित’, अशी सुरुवातीची व्याख्या होती. मुंबईचे विमान २०११ मध्ये बंद झाल्यापासून कोल्हापूर सरळ पहिल्या वर्गात मोडत होते, आणि मुंबईत काम असलेल्या माणसाला रात्रभराच्या रेल्वे किंवा रस्त्याच्या प्रवासावाचून पर्याय नव्हता. त्यामुळे योजनेवरचा कोल्हापूरचा हक्क योग्यच होता.

दुसरा गैरसमज अधिक महाग पडला. तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये ही मर्यादा विमानातील सर्व आसनांना लागू नव्हती. ती साधारण निम्म्या आसनांपुरती होती आणि उरलेली तिकिटे बाजारभावाने विकली जात. तूट भरून काढणारा निधीही विमानतळाला नव्हे, तर ठरावीक मार्गावर उडणाऱ्या कंपनीला आणि तोही तीनच वर्षे मिळत असे. त्यामुळे ‘उडानमधला विमानतळ’ म्हटले तरी सेवा टिकण्याची हमी मिळत नाही. एप्रिल २०१८ मध्ये अठरा आसनी विमानाने सुरू झालेली मुंबई सेवा काही महिन्यांतच थांबली, तेव्हा याचा अनुभव आला.

त्यानंतर हैदराबाद, बंगळुरू, तिरुपती असे मार्ग जोडले गेले, २०२२ मध्ये रात्रीच्या उड्डाणांना परवानगी मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नव्या प्रवासी इमारतीचे उद्घाटन झाले. मात्र प्रत्येक अनुदानित मार्गाची तीन वर्षांची मुदत स्वतंत्रपणे संपते, आणि त्यानंतर विमान चालू ठेवायचे की नाही, हे कंपनीच ठरवते.