भुरभुरलेला बर्फ कुठे टिकतो, कुठे नाही

जानेवारीत शिमल्याहून परत आलेल्या आपल्या लोकांची एक ठरलेली तक्रार असते, बर्फ पडला हो पण नुसता भुरभुरला, पैसे वाया. मला विचाराल तर तोच बघण्यासारखा, कारण जाड बर्फ सगळंच झाकून टाकतो आणि पातळ बर्फात जमीन कुठे उबदार कुठे गार ते सरळ दिसतं.

रिजवर, म्हणजे शिमल्याच्या मधल्या मोकळ्या चौकात, उभं राहून बघा. डांबर ओलं काळं, आणि शेजारचं गवत मात्र पिठीसाखर चाळल्यासारखं पांढरं. पडताना दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो, पण डांबराच्या पोटात ऊब साठलेली असते, बर्फ टेकला की पाणी. गवताच्या पात्यांमध्ये हवा अडकलेली असते त्यामुळे जमिनीची ऊब वरपर्यंत पोचत नाही. रेलिंग, बाक, गाड्यांचे टप यांचंही तेच, जमिनीपासून सुटलेले म्हणून लवकर गार होतात. पत्र्याच्या छपरांची तर गंमतच, सगळं छप्पर पांढरं आणि मधेच एक ओला चट्टा, म्हणजे खाली स्वयंपाक तरी चाललाय नाहीतर हीटर तरी.

आता मान वर करून जाखूच्या टेकडीकडे बघा. रिज साधारण 2200 मीटरवर, जाखू 2450 च्या आसपास, किलोमीटरभर वर गेलं की तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं, म्हणजे इथे फरक जेमतेम दीड अंशाचा. पण पारा शून्याशी खेळत असताना दीड अंश पुष्कळ झाला, वर देवदार पांढरे नि खाली आपण पावसात छत्री घेऊन.

ताजा बर्फ ऊन 80 ते 90 टक्के परत पाठवतो, तरी हा पातळ थर टिकत नाही कारण थोडा उजेड आरपार जातो, खालची काळी माती तापते आणि बर्फ खालूनच सुटतो. निघतं किती पाणी? सेंटीमीटरभर ताज्या बर्फाचं जेमतेम मिलिमीटरभर!

आणि हो, महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी बर्फ पडल्याचे फोटो दर हिवाळ्यात फिरतात ना, तो पडलेला नसतोच. वारा नाही, आभाळ मोकळं, अशा रात्री गवत आणि जीपचे टप आपली उष्णता आकाशात सोडून हवेपेक्षाही गार होतात आणि दव तिथल्या तिथे गोठतं, माणसाच्या उंचीवरचा थर्मामीटर तेव्हा शून्याच्या वरच असतो. बर्फ पडायला ढग लागतात, वेण्णावर त्या रात्री चांदण्या मोजता येतात.