हॅरी डीन स्टँटन: पहिला लीड रोल मिळाला तो ५७व्या वर्षी

"अरे, हा कुठेतरी पाहिलाय" असं ज्याला बघून सगळे म्हणतात पण नाव कुणालाच आठवत नाही, असा हा हॉलिवूडचा नट. जन्म १९२६ चा, केंटकीतल्या वेस्ट आयर्विनचा, वडील तंबाखूची शेती करायचे आणि न्हावीकामही. दुसऱ्या महायुद्धात नेव्हीत गेला तो कुक म्हणून, ओकिनावाच्या लढाईत त्याचं जहाज होतं. परत येऊन युनिव्हर्सिटीत पत्रकारिता वगैरे शिकायला लागला पण नाटकाचा नाद लागला, मग डिग्री अर्धवट सोडून कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना प्लेहाऊस गाठलं.

पुढची वीसेक वर्षं म्हणजे टीव्हीवरच्या वेस्टर्न सीरियल्स, कधी गुंड तर कधी कुणाचा तरी साथीदार. साठच्या दशकात जॅक निकल्सनचा रूममेट होता, निकल्सन कुठच्या कुठे गेला आणि हा आपला छोटे रोल करत राहिला. 'गॉडफादर पार्ट टू'मध्येही आहे, एफबीआयचा माणूस, पण पटकन ओळखू येत नाही!

१९७९ चा 'एलियन' आठवा. हा ब्रेट, मांजर शोधत अंतराळयानाच्या त्या अंधाऱ्या भागात जातो, वरून पाणी ठिबकतंय, तर हा तिथेच थांबून तोंड वर करून ते चेहऱ्यावर घेतो. दिवसभर राबून घामेजलेला कामगार करेल तेच. एक डायलॉग नाही, आणि आपल्याला माहितीये की आता याचं काही खरं नाही.

ही न बोलता उभं राहायची सवय जर्मन दिग्दर्शक व्हिम व्हेंडर्सच्या 'पॅरिस, टेक्सास'मध्ये कामी आली. लेखक सॅम शेपर्डशी बारमध्ये गप्पा मारताना हा म्हणाला की असल्या रोल्सचा कंटाळा आलाय, आणि त्यातून पुढे ट्रॅव्हिसचा रोल मिळाला. लाल टोपी घालून वाळवंटात चालणारा ट्रॅव्हिस सुरुवातीची पंचवीसेक मिनिटं तोंडच उघडत नाही, आणि शेवटी काचेपलीकडच्या बायकोला फोनवरून सगळी कहाणी सांगतो तेव्हा आधीची गप्प राहिलेली मिनिटं वसूल होतात. १९८४ ला कान्स फेस्टिव्हलमध्ये पिक्चरला पाम द'ओर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ऑस्करचं साधं नॉमिनेशनही नाही, हे मला अजून पचत नाही.

त्यानंतर हिरो झाला का, तर नाही, परत छोटे रोल. क्रिटिक रॉजर एबर्टने तर नियमच करून टाकला की स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श सहाय्यक भूमिकेत असेल तर पिक्चर पूर्ण वाईट असूच शकत नाही. दिग्दर्शक डेव्हिड लिंचने मात्र त्याला वारंवार घेतलं. आणि २०१७ च्या 'लकी'मध्ये उलटं झालं, नव्वदीचा स्टँटन लीडमध्ये आणि लिंच सहाय्यक भूमिकेत, ज्याचं प्रेसिडेंट रूझवेल्ट नावाचं कासव पळून गेलंय. अमेरिकेत तो थिएटरला लागायच्या दोन आठवडे आधी, १५ सप्टेंबरला, स्टँटन गेला.