डिस्क कॅशची मेमरी (नेटबीएसडी)

डिस्कवरून वाचलेला डेटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) रॅममध्ये धरून ठेवतं तो डिस्क कॅश, हे माहीत असतंच. प्रश्न असतो तो त्याला रॅम किती द्यायची आणि ती कोणाच्या वाट्यातून काढायची हा.

युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) आकडा सोर्समध्येच ठोकलेला होता, एनबफ १५, म्हणजे ५१२ बाइटचे १५ बफर, सगळे मिळून साडेसात केबी, आणि बदलायचा तर कर्नल परत कंपाइल करा. पुढे बीएसडीत (युनिक्सची बर्कली विद्यापीठातली शाखा) रॅमच्या प्रमाणात हिस्सा आला, पण फाइलचा बफर कॅश वेगळा आणि व्हर्च्युअल मेमरी (प्रोग्रॅमच्या मेमरीची व्यवस्था) वेगळी ही फाळणी राहिलीच, त्यामुळे एकाच फाइलच्या दोन कॉप्या रॅममध्ये पडून राहायच्या. दोन्ही एक करण्याचं श्रेय कोणाचं यावर मतभेद आहेत. काहीजण थेट १९६०च्या दशकातल्या मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत जातात, कारण तिथे फाइल म्हणजेच मेमरीचा सेगमेंट होता. पण युनिक्सपुरतं बोलायचं तर सन कंपनीचं सनओएस ४.० (१९८८) धरणंच जास्त बरोबर वाटतं. बीएसडीतूनच निघालेल्या नेटबीएसडीत चक क्रेनरचं यूव्हीएम (नवी व्हर्च्युअल मेमरी) १.४ मध्ये (१९९९) आलं आणि त्यावर चक सिल्व्हर्सचं यूबीसी (दोन्ही कॅश एक करणारा भाग) १.६ मध्ये (२००२), दोघंही चकच.

यूबीसीनंतर फाइलचा डेटा सरळ पेजमध्ये (रॅमचे ठरावीक आकाराचे तुकडे) राहतो आणि पेजच्या तीन जाती मोजल्या जातात: अॅनन (हीप, स्टॅक वगैरे), एक्झेक (प्रोग्रॅमचा कोड) आणि फाइल. प्रत्येकीला सिससीटीएलमधून (कर्नलची सेटिंग बदलायची कमांड) मिन आणि मॅक्स टक्के देता येतात, डीफॉल्ट अॅनन १०–८०, एक्झेक ५–३०, फाइल १०–५०. इथे हमखास गैरसमज होतो. फाइलमॅक्स ५० म्हणजे कॅश निम्म्या रॅमवर थांबतो असं नाही, रॅम मोकळी असेल तर तो खुशाल वर जातो; तिन्ही मॅक्सची बेरीजच १६० होते, म्हणजे हे वाटे नव्हेतच. टंचाई आली की पेजडीमन (रॅम मोकळी करणारा कर्नलचा भाग) हे आकडे बघतो: मिनच्या खाली असलेल्या जातीला हात लावत नाही, मॅक्स ओलांडलेलीची पेज आधी काढतो, आणि एखादी जात मॅक्सच्या वर असली तर मिन आणि मॅक्सच्या मधे असलेल्या जातींनाही तेवढ्यापुरतं अभय मिळतं, कोणीच वर नसेल तर नेहमीसारखं जुनं वापरलेलं आधी जातं.

म्हणून डेस्कटॉपवर मोठा बॅकअप चालला की ब्राउझर स्वॅपमध्ये (रॅमऐवजी डिस्कवरची जागा) ढकलला जातो, त्यावरचा उपाय म्हणजे फाइलमॅक्स १०च्या आसपास आणणं आणि अॅननमिन बरंच वाढवणं. फाइल सर्व्हरवर मात्र हे उलटं नुकसान करेल. टॉप या कमांडमधले एक्झेक आणि फाइल हे आकडे बघत बदल करावेत, आणि जमलं की सिससीटीएल.कॉन्फ या फाइलमध्ये लिहावं.

डिरेक्टरी, आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) यांसारखा मेटाडेटा अजूनही जुन्या बफर कॅशमध्येच असतो, त्याची मर्यादा व्हीएम.बफकॅश, डीफॉल्ट १५ टक्के. झेडएफएस या फाइलसिस्टिमचा एआरसी हा आणखी वेगळा कॅश.