खोली गार असली तरी बिअर गार नसते

ब्रिटनमध्ये १९६३ साली परवान्याची अट गेली आणि घरी, स्वतःपुरती बिअर करायला लोकांना मोकळीक मिळाली. (महाराष्ट्रात विनापरवाना बिअर करणं हा गुन्हाच आहे.) तिथल्या हिवाळ्यात घरातली हीटर नसलेली खोली सहज १२ ते १४ अंशांवर येते, आणि बिअर आंबवायचा डबा बहुधा तिथेच ठेवला जातो. एल जातीच्या बिअरच्या यीस्टला मात्र साधारण १८ ते २० अंश लागतात. अशा वेळी अख्खी खोली तापवण्यात अर्थ नाही. सांभाळायचं ते डब्यातल्या द्रवाचं तापमान.

कारण यीस्ट स्वतः उष्णता तयार करतं. २० लिटर मध्यम ताकदीच्या बिअरमध्ये दीडेक किलो साखर आंबते. त्यातून निघणारी सगळी उष्णता आतच कोंडली, तर द्रव सुमारे १० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीचशी बाहेर निसटते. तरी आंबणं ऐन जोरात असताना बिअर खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी गरम असते. दह्याच्या पातेल्याला शाल गुंडाळतात ती दुधाची ऊब टिकावी म्हणून. इथे गोधडी ऊब तर टिकवतेच, शिवाय नव्याने तयार होणारी उष्णताही अडवते. त्यामुळे पहिल्या दिवशी उपयोगी पडणारी गोधडी तिसऱ्या दिवशी नडू शकते.

चवीचा बराचसा निकाल पहिल्या तीन दिवसांतच लागतो. यीस्टची संख्या तेव्हा झपाट्याने वाढत असते. तापमान फार चढलं तर जड अल्कोहोलं वाढतात, बिअरला स्पिरिटसारखा उग्र वास येतो. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अॅसिटेटही वाढतं. जोर ओसरला की उष्णता आटते आणि डबा पुन्हा खोलीच्या तापमानाकडे घसरतो. गार खोलीतला खरा धोका हाच. काम अर्धवट टाकून यीस्ट तळाशी बसतं. लोण्यासारखा वास देणारं डायअॅसिटिल एरवी यीस्टच शेवटी परत शोषून घेतं, ते मग बिअरमध्येच राहतं.

उपाय महाग नाही. डब्याभोवती गरम करणारा पट्टा आणि सोबत थर्मोस्टॅट. सेन्सर हवेत लोंबकळत ठेवू नये. डब्याच्या बाजूला, द्रवाच्या पातळीच्या बराच खाली, चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि वरून स्पंजचा जाड तुकडा लावावा, म्हणजे तो खोलीची हवा न मोजता बिअरचं तापमान मोजतो. सुरुवातीला १८ अंश ठेवावेत, जोर कमी होऊ लागला की २० करावेत.

पट्टा नकोच असेल तर खोलीला साजेसं यीस्ट निवडावं. लागर या थंडीत आंबवायच्या बिअरचं यीस्ट ८ ते १३ अंशांत सुखाने काम करतं. नेहमीचं बिअर-यीस्ट आणि सॅकरोमायसिस युबायानस ही थंडी सोसणारी जात यांचा तो संकर आहे. ही दुसरी जात २०११ साली दक्षिण अमेरिकेतल्या पाटागोनियाच्या जंगलात सापडल्याचं जाहीर झालं. जर्मनीतल्या बव्हेरियात तर १५५३ च्या फर्मानाने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी होती. गारठ्यातच काम करणाऱ्या यीस्टला अशाने चांगलंच बळ मिळालं असावं. मात्र १२ अंशांच्या खोलीत हेही यीस्ट १५ पर्यंत तापू शकतं, म्हणून खोली १० च्या आसपास असलेली बरी.

बाटल्या भरताना विशेष जपावं. साखर किती उरली ते द्रवाच्या घनतेवरून दाखवणाऱ्या हायड्रोमीटरचा आकडा दोन-तीन दिवस हलला नाही की आंबणं संपलं, असा नियम आहे. पण थंडीने झोपलेलं यीस्टही आकडा तसाच ठेवतं. तशी बिअर बाटलीत भरली आणि बाटल्या पुढे उबेत आल्या, तर यीस्ट जागं होतं, वायू कोंडतो आणि काच फुटते. म्हणून आधी डबा दोन दिवस २० अंशांवर ठेवावा आणि मगच मोजावं. फेस यावा म्हणून बाटलीत घालायच्या साखरेचा हिशेबही २० अंश धरूनच करावा, नंतर बिअर पुन्हा १२ वर आली तरी. थंड बिअर जास्त वायू धरू शकते हे खरं, पण उबेत उडून गेलेला वायू थंड झाल्यावर परत येत नाही.