फ्लॉपी ड्राइव्ह : आधुनिक संगणकावरील वापर

जुन्या फ्लॉपीवरील (माहिती साठवण्याच्या लवचीक चुंबकीय तबकडीवरील) मजकूर आजच्या विंडोज वा लिनक्स संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत. मराठवाड्यात अशा फ्लॉप्या मुख्यतः छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथील जुने छापखाने, डीटीपी केंद्रे आणि शाळा-महाविद्यालयांच्या कपाटांत आढळतात.

आठ इंची फ्लॉपी आयबीएमने १९७१ च्या सुमारास आणली. शोधाच्या श्रेयाबाबत मात्र मतभेद आहेत. जपानचे योशिरो नाकामात्सु १९५२ मधील आपल्या पेटंटाच्या आधारे तो मान स्वतःकडे घेतात. त्या पेटंटातील रचना लवचीक चुंबकीय तबकडीशी पुरती जुळत नाही. त्यामुळे आयबीएमच्या सॅन होझे येथील गटाला श्रेय देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. सव्वापाच इंची ड्राइव्ह शुगार्ट असोसिएट्सने १९७६ मध्ये आणला. साडेतीन इंची सोनीचा. त्याचे वर्ष कोठे १९८०, तर कोठे १९८१ दिलेले असते.

साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह पुरतो. विंडोजमध्ये तो बहुधा ए: म्हणून दिसतो. तो १.४४ एमबी (दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० ट्रॅक म्हणजे वर्तुळाकार पट्टे, प्रत्येक ट्रॅकचे १८ सेक्टर म्हणजे भाग; एकूण १४,७४,५६० बाइट) आणि सहसा ७२० केबी एवढेच वाचतो. सव्वापाच इंचीसाठी ३४ पिनांचा मूळ ड्राइव्ह ग्रीझवीझलसारख्या यूएसबी कार्डाला जोडावा. या ड्राइव्हला ५ व १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. यूएसबीतून १२ मिळत नाहीत, म्हणून जुना एसएमपीएस (संगणकाचा वीजपुरवठा डबा) वापरतात. दिवा सतत पेटलेला राहिला तर रिबन केबल उलटी बसली आहे असे समजावे. केबलमधील काही तारांना दिलेल्या पिळापुढच्या टोकाचा ड्राइव्ह ए, आधीचा बी.

३६० केबीची सव्वापाच इंची फ्लॉपी १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचता येते, पण त्यात लिहू नये. त्या ड्राइव्हचे हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) अरुंद असल्याने जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा पुसल्या जात नाहीत आणि पुढे ३६० केबीच्या ड्राइव्हला जुना व नवा असे दोन्ही संदेश एकदम मिळतात.

वाचण्याआधी फ्लॉपीवर लिहिणे बंद (राइट-प्रोटेक्ट) करावे: साडेतीन इंचीचे छिद्र उघडे, सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने बंद. विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का?’ विचारल्यास नकार द्यावा. फाइली एकेक कॉपी न करता पूर्ण तबकडीची प्रतिमा (हुबेहूब नक्कल असलेली एक फाइल) घ्यावी. खराब सेक्टरांसाठी लिनक्सवरील डीडीरेस्क्यू उपयोगी पडते. लिनक्समधील मूळ फ्लॉपी ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारी आज्ञावली) २०१९ मध्ये देखभालकर्त्याविना राहिला होता. यूएसबी ड्राइव्हला त्याची गरज नसते.

मराठवाड्याच्या कोरड्या हवेत धुळीचा त्रास अधिक. पावसाळी ओल लागलेल्या फ्लॉप्यांवर मात्र बुरशीची पांढरी वलये दिसतात. अशी फ्लॉपी थेट घातली की हेड मळते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवरही चरे पडतात. तबकडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, पूर्ण वाळवून मगच घालावी. हेडही त्याच अल्कोहोलने पुसावे.

फाइल उघडली तरी मराठी वाचता येईलच असे नाही. इस्की (भारतीय लिप्यांसाठीचे संकेत-मानक, आयएस १३१९४ : १९९१) मजकुराचे युनिकोड रूपांतर सरळ होते. श्रीलिपी, आकृतीसारख्या फाँटांतील मजकुरात अक्षरांऐवजी त्यांच्या तुकड्यांचे संकेत असतात. तेथे नेमका फाँट ओळखल्याशिवाय रूपांतर करू नये, अन्यथा ऱ्हस्व वेलांटी आणि रफार चुकीच्या जागी पडतात. म्हणून प्रतिमेसोबत फ्लॉपीतील फाँट-फाइलीही जपाव्यात.