पेन्सिलीच्या सालांपासून खोडरबर होत नाही

'पेन्सिलीची सालं दुधात ठेवली की खोडरबर तयार व्हायचं' हे वाक्य लहानपणच्या आठवणींच्या फॉरवर्डमध्ये हमखास असतं. यातली आठवण खरी आहे. डबीत पांढरा गोळा अनेकांना दिसला, पण तो सालांचा नव्हता, दुधाचा होता. उघड्यावर राहिलेल्या दुधात जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि केसिन हे प्रथिन साकळतं. सालं म्हणजे लाकूड, वरचा रंग आणि थोडं ग्रॅफाइट. ती दुधात नुसती भिजतात. खोडरबर रबराचं किंवा विनाइलचं असतं. ग्रॅफाइट कागदापेक्षा त्याला जास्त चिकटतं, म्हणून अक्षर उचललं जातं.

मुलांना सोबत घेऊन हे जरूर करून पाहा. दोन वाट्यांत अर्धी अर्धी वाटी ताजं गरम दूध घ्या. एकीत चमचाभर सालं टाका, दुसरीत दोन चमचे लिंबाचा रस. दहा मिनिटांत लिंबाच्या वाटीत चोथा जमतो. पहिलीत सालं तशीच राहतात. चोथा फडक्यात गाळून घट्ट पिळा, चपटा करून दोन-तीन दिवस वाळवा. तो कडक होतो. पेन्सिलीच्या रेघेवर घासलात तर रेघ फिसकटते, कागद खरवडला जातो. सालांचं दूध मात्र ओतून द्या, त्यात रंगाचे कण असतात.