रोलबॅक वेगळं, रिस्टोअर वेगळं

"बॅकअप घेतलाय ना? मग मार बिनधास्त." सगळे जण एकाच वेळी वापरत असलेल्या डेटाबेसवर अपडेट चालवण्याआधी हे वाक्य हमखास कानावर पडतं. त्याचंच जुळं भावंड म्हणजे "बिगिन लावलंय, बॅकअप कशाला?" दोघांचा हिशोब एकच: मागे फिरायची वाट आहे, मग ती कुठली का असेना.

बॅकअप तुम्हाला ठाऊक आहे. मायएसक्यूएल-डंप किंवा पीजी-डंप (मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालींमधला डेटा फाइलीत उतरवणारी साधनं) रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालतो, फाइल दुसऱ्या मशीनवर जाते. ट्रान्झॅक्शनही कळायला अवघड नाही: बिगिन, हवे ते बदल, शेवटी कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द). एक फाइलीत असतो, दुसरं चालू कनेक्शनमध्ये. हे फरक कोणालाही दिसतात, त्यावर शाई घालवत नाही.

घोळ होतो तो पुढे. रोलबॅक फक्त तुमचा बदल मागे घेतं. रिस्टोअर, म्हणजे बॅकअप पुन्हा चढवणं, सगळ्यांचं काम मागे नेतं. लॅपटॉपवर एकट्याने शिकताना दोन्हींचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो, म्हणून हा फरक कधी टोचत नाही. सामायिक सर्व्हरवर गेलात की मात्र सगळं त्यावरच ठरतं.

समजा एका क्लासच्या पुणे, नाशिक आणि सांगली शाखा एकच डेटाबेस वापरतात. बॅकअप रात्री २ चा. सकाळी ११ ला फक्त सांगलीची फी ५०० ने वाढवायची होती, पण व्हेअरमध्ये (कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणाऱ्या भागात) शाखेची अट लिहायची राहिली आणि तिन्हीकडची फी वाढली. कमिट झालं. १२ ला लक्षात आलं. आता रात्रीचा बॅकअप त्याच डेटाबेसवर चढवला तर फी जागेवर येईल, पण सकाळपासूनचे प्रवेश, फाडलेल्या पावत्या, दुरुस्त केलेले फोन नंबर सगळे पुसले जातील. पैसे पेमेंट गेटवेकडे जमा, आपल्याकडे नोंद नाही. वर ऑटो-इन्क्रिमेंटचा, म्हणजे आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाचा, आकडाही मागे येतो, म्हणजे सकाळी एका पालकाला दिलेला पावती क्रमांक दुपारी दुसऱ्याच्या पावतीवर पुन्हा छापला जातो. चूक एका कॉलमची, आणि दुरुस्तीने तिन्ही शाखांचं सकाळपासूनचं काम गिळलं.

गिटलॅब या कोड साठवायच्या सेवेचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण सगळे "बॅकअप तपासत जा" एवढ्यासाठीच सांगतात. मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी चुकून उडवली गेली, आणि पीजी-डंप आवृत्ती न जुळल्याने आधीपासूनच गुपचूप फेल होत होता, हे खरंच. पण दुसरी बाजूही बघा. साधारण सहा तासांपूर्वी हाताने घेतलेला स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) मिळाला, त्यावरून साइट उभी राहिली, आणि मधल्या सहा तासांत वापरकर्त्यांनी डेटाबेसात जे भरलं होतं ते गेलं. तिथे इलाज नव्हता, फाइलीच नाहीत तर रोलबॅक कशाचा करणार? बॅकअप अशाच वेळेसाठी असतो. चुकलेल्या एका अपडेटसाठी अख्खा डेटाबेस रिस्टोअर करणं मला तरी शुद्ध आळस वाटतो.

मग करायचं काय? अपडेटला जी व्हेअर अट लावणार, आधी त्याच अटीने काउंट, म्हणजे ओळींची संख्या, काढा. समजा ३१२ आला. मग त्या ३१२ ओळी 'क्रिएट टेबल अ‍ॅज सिलेक्ट' वापरून वेगळ्या टेबलात उचलून ठेवा. नावात तारीख आणि कारण असू द्या. 'बॅकअप_फायनल_नवीन' नावाची टेबलं ठेवणाऱ्यांनी ती सहा महिन्यांनी स्वतःच ओळखून दाखवावीत. त्यानंतर बिगिन आणि अपडेट. उत्तरात ३१२ ओळी बदलल्या असं आलं, चार ओळी डोळ्यांनी पाहिल्या, की कमिट. आकडा ९४० आला तर विचार करत बसू नका, लगेच रोलबॅक. ३१३ आला तर मधल्या वेळात कोणीतरी नवा प्रवेश केला असेल. तरीही रोलबॅक करून पहिल्यापासून सुरू करा, कारण त्या एका ओळीची जुनी प्रत तुमच्याकडे नाही.

चूक कमिटनंतर कळली तर ही प्रत उपयोगी पडते. आयडी जुळवून जुनी किंमत परत लिहायची, पण एक अट जास्त लावून: आत्ताची फी आपण लिहिलेल्या किमतीएवढीच असेल तरच. मधल्या तासात नाशिकच्या कोणी एखाद्याची फी सवलत देऊन बदलली असेल, तर ही अट नसताना तुमची दुरुस्ती त्याचं काम चिरडते. म्हणजे तुम्ही हाताने एक छोटं रिस्टोअरच करून बसता. प्रत घेतली नसेल, किंवा चुकलेल्या ओळी तिच्या बाहेरच्या असतील, तर रात्रीचा बॅकअप वेगळ्या नावाच्या डेटाबेसात उघडा आणि तेवढ्या ओळींच्या जुन्या किमती तिथून आणा.

रोलबॅकवर विसंबणाऱ्यांनाही सूट नाही. मायएसक्यूएलमध्ये अल्टर, क्रिएट, ड्रॉप, ट्रंकेट या टेबलं बनवणाऱ्या, बदलणाऱ्या, पाडणाऱ्या किंवा रिकामी करणाऱ्या आज्ञांपैकी (यांनाच डीडीएल म्हणतात) काहीही चालवलं की आधीचं सगळं न विचारता कमिट होतं. म्हणूनच वरची प्रत बिगिनच्या आधी घ्यायची, मधे नाही. ८.० पासून डीडीएल अ‍ॅटॉमिक झालं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की अर्धवट अल्टर उरत नाही. रोलबॅकने ते परत येतं असा नाही. पोस्टग्रेसमध्ये मात्र अल्टर आणि ट्रंकेटही रोलबॅक होतात, आणि तिथून आलेली मंडळी नेमकी इथे फसतात. जुन्या होस्टिंगवर टेबलं अजून मायआयसॅमची (ट्रान्झॅक्शन न पाळणाऱ्या जुन्या इंजिनची) असतील तर बिगिन निव्वळ शोभेचं: रोलबॅक फक्त एक वॉर्निंग देतं, बदल तसाच राहतो. 'शो टेबल स्टेटस'मध्ये इंजिन बघून घ्या.

पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये उलटी गंमत. ब्राउझरमधून मायएसक्यूएल हाताळायच्या या साधनात प्रत्येक 'गो'ला नवं कनेक्शन. एका वेळी बिगिन आणि अपडेट चालवून पुढच्या पानावर कमिट करायला गेलात, तर अपडेट केव्हाच रद्द झालेलं असतं. त्यासाठी एसएसएचवरून (सर्व्हरला दुरून जोडून) कमांड लाइन बरी. तिथे सेफ-अपडेट्स हा पर्याय लावला की की-कॉलमची अट किंवा लिमिट नसलेलं अपडेट मायएसक्यूएल चालवतच नाही.

आणि बिगिन करून चहाला जाऊ नका. तुम्ही अडवलेल्या ओळींवर बदल करणारा इनोडीबीमध्ये (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या इंजिनमध्ये) डिफॉल्टने ५० सेकंद थांबतो आणि एरर घेऊन बाहेर पडतो. पोस्टग्रेसमध्ये तेवढीही मुदत नसते, लॉक-टाइमआउट स्वतः लावावा लागतो. अल्टर चालवण्याआधी तो ३ सेकंदांवर ठेवा. नाहीतर कोणाच्या तरी रेंगाळलेल्या ट्रान्झॅक्शनमागे तुमचं अल्टर थांबतं, आणि अल्टरमागे त्या टेबलावरचं साधं सिलेक्टसुद्धा.

राहता राहिला डंप. इनोडीबीसाठी सिंगल-ट्रान्झॅक्शन पर्याय लावूनच घ्या, म्हणजे टेबलं लॉक न होता एकाच क्षणाचं चित्र मिळतं. वेगळ्या डेटाबेसात उघडण्याआधी फाइलीच्या सुरुवातीच्या ओळी नक्की वाचा. मायएसक्यूएल-डंप डिफॉल्टने प्रत्येक टेबलाआधी 'ड्रॉप टेबल इफ एक्झिस्ट्स' लिहितो. डंप 'डेटाबेसेस' पर्यायाने घेतला असेल तर त्यात 'यूज' आणि मूळ डेटाबेसचं नावही असतं. अशा वेळी कमांड लाइनवर तुम्ही कुठलंही नाव द्या, फाइल चालू डेटाबेसातच शिरते आणि तिथली टेबलं पाडून कालची उभी करते. ती 'यूज'ची ओळ आधी काढा, मगच फाइल चढवा.